वाचकांचे प्रश्न : घरातला कार्बन डायऑक्साइड

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न कार्बन डायऑक्साइडबद्दल आहेत. काही विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीतले, काही घरातल्या हवेबद्दलचे, आणि एक पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, उतरण्याबद्दलचा. उत्तरं वाचताना दोन आकडे लक्षात असू द्या. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे तासाला १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आणि दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. किती वायू आणि किती जागा, एवढं पाहिलं की धोक्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

सोडा आणि व्हिनेगरने फुगा फुगवण्याचा प्रयोग सातवीला दाखवते. ५० मिलिलिटर व्हिनेगर आणि फुग्यात तीन चमचे सोडा घेते. फेस भरपूर येतो, पण फुगा मोसंब्याएवढा होऊन थांबतो. काय चुकतं? — शिक्षिका, चिपळूण

सोडा जास्त होतोय आणि व्हिनेगर कमी पडतंय. बाजारातल्या साध्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड बहुधा ४ टक्के असतं; बाटलीवर आकडा छापलेला असतो, तो पाहून घ्या. म्हणजे तुमच्या ५० मिलिलिटरमध्ये ॲसिड फक्त २ ग्रॅम. तेवढ्याला २.८ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. चहाचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅमचा, तेव्हा तीन चमच्यांतला बहुतेक सोडा बाटलीच्या तळाशी नुसता बसून राहतो. वायू निघतो तो जेमतेम ८०० मिलिलिटर, आणि तोंड लावताना थोडा निसटतो.

एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत २०० मिलिलिटर व्हिनेगर घ्या आणि फुग्यात ११ ग्रॅम सोडा, म्हणजे दोन सपाट चमच्यांहून किंचित जास्त. यातून ३.२ लिटरच्या आसपास वायू निघतो. त्यातला थोडा द्रवात विरघळून राहतो, उरलेल्यात फुगा १७-१८ सेंटिमीटर व्यासाचा होतो. फुगा आधी एकदा तोंडाने फुगवून सोडून द्या. कोऱ्या रबराचा ताण सुरुवातीला फार असतो आणि वायू कडेने बाहेर पडतो. सोडा कोरड्या नरसाळ्यातून भरा, फुग्याचं तोंड बाटलीवर चढवून दोऱ्याने घट्ट बांधा, मगच फुगा उभा करा. फेस बसल्यावर बाटली हलकेच हलवली की विरघळलेला वायूही बराचसा सुटतो.

व्हिनेगरचा वास नको असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या. १० ग्रॅम लिंबूसत्व १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून त्यात १२ ग्रॅम सोडा. पाणी कोमटच हवं, कारण ही क्रिया उष्णता शोषते. बाटली हाताला गार लागते, तेही मुलांना दाखवण्यासारखं आहे. ताज्या लिंबाच्या रसाचा मात्र नाद सोडा. कागदी लिंबातून १५-२० मिलिलिटर रस निघतो आणि त्यातल्या आम्लातून वायू मिळतो पाव ते अर्धा लिटर. बेकिंग पावडर किंवा पापडखार सोड्याच्या जागी चालत नाही. पावडरीत स्टार्च मिसळलेला असतो, आणि पापडखारातल्या सोडियम कार्बोनेटला तेवढ्याच वायूसाठी दुप्पट आम्ल लागतं.

या प्रयोगात बाटलीला झाकण कधीही लावू नये. तीन लिटर वायू ८०० मिलिलिटर जागेत कोंडला तर दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ चौपटीने वाढू शकतो. काचेची बरणी त्याने फुटते आणि तुकडे डोळ्यांच्या उंचीवर उडतात. वायूचं भय मात्र नाही. तीन लिटर म्हणजे वर्गातल्या एकट्या विद्यार्थ्याचा पंधरा-वीस मिनिटांचा उच्छ्वास.

चुन्याची निवळी केली, नळीने फुंकलं, पण ती दुधाळ झाली नाही. मैत्रिणीची झाली आणि पुन्हा स्वच्छ झाली. असं का? — आठवीची विद्यार्थिनी, नाशिक

मैत्रिणीची पुन्हा स्वच्छ झाली, यात काही चुकलेलं नाही. फुंकलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून निवळी दुधाळ दिसते. फुंकत राहिलीस की त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि ते विरघळतं. ही स्वच्छ झालेली निवळी चमचाभर घेऊन मोठ्या माणसाकडून उकळवून घे, पुन्हा पांढरी होईल. गिझरच्या आत आणि चहाच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो, तो असाच तयार होतो.

तुझी निवळी बहुधा जुनी किंवा उघडी राहिलेली असेल. खोलीच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्यातला चुना हळूहळू संपवतो. वर पांढरी साय आलेली दिसली की समजायचं. ताजी कर. पानाचा साधा चुना एक चमचा, एक लिटर पाणी, खूप हलवून रात्रभर ठेव. पाण्यात लिटरला दीड ग्रॅमच्या थोडाच वर चुना विरघळतो, बाकीचा साका खाली बसतो. साका न ढवळता वरचं स्वच्छ पाणी काढून बाटली गळ्यापर्यंत भर आणि बूच लाव. नळी जाड असेल तर मोठे बुडबुडे भसाभस वर येऊन फुटतात, वायूला मिसळायला वेळ मिळत नाही. बारीक स्ट्रॉ घे आणि सावकाश फुंक. सोडा-व्हिनेगरचा वायू सोडत असशील तर मध्ये एक रिकामी बाटली जोड. नाहीतर आम्लाचे तुषार निवळीत जातात आणि ती कधीच दुधाळ होत नाही.

स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीने एक भोक पाड. चुकून ओढलंस तर त्यातून हवा येईल, निवळी तोंडात येणार नाही. चष्मा किंवा प्लास्टिकचा गॉगल लावल्याशिवाय हा प्रयोग करू नकोस. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजून निघतं. तसं झालंच तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली निदान अर्धा तास डोळा धुवायचा, चुन्याचे कण दिसले तर काढायचे आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

प्रदर्शनासाठी एक भर सुचवतो. निवळीत चिमूटभर हळद टाक, ती लाल होईल. आता फुंकलंस की लाल रंग जाऊन पिवळा येतो, आणि हे शेवटच्या रांगेतूनही दिसतं. आधी बसून आणि मग जिना चढून आल्यावर फुंक, वेळ मोज. जिन्यानंतर वेळ कमी लागतो. पण उच्छ्वासातलं प्रमाण दोन्ही वेळा ४ ते ५ टक्केच असतं. वाढते ती मिनिटाला बाहेर पडणारी हवा. परीक्षक हे विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेव.

ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर पेला उपडा ठेवला की पाणी पाचव्या हिश्श्याएवढं चढतं, कारण ऑक्सिजन संपतो. आमच्या सरांनी हे चुकीचं आहे असं सांगितलं. — विद्यार्थी, लातूर

सर बरोबर आहेत. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. बंद जागेत तो २१ वरून १६ टक्क्यांवर आला की ती विझते. जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो एवढ्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. पाणी चढतं ते मुख्यतः पेल्यातली तापलेली हवा गार होऊन आकसल्यामुळे. नीट पाहा, पाणी खरं चढतं ते ज्योत विझल्यानंतर. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर जाईल. ऑक्सिजन तर तेवढाच होता.

जेवणानंतर अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यातून घेतो. आणि सोडावॉटरने रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो का? — वाचक, पणजी

सोडावॉटरने नाही. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण लिटरभर वायू असतो. शरीर स्वतः तेवढा पाच मिनिटांत तयार करतं आणि बाटलीतला बराचसा ढेकरेवाटे निघून जातो. खायच्या सोड्याची सवय मात्र सोडा. अर्ध्या चमच्यात सुमारे ६५० मिलिग्रॅम सोडियम असतं, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते फार झालं. भरल्या पोटावर तर तो घेऊच नये, वायू एकदम सुटतो आणि जठरावर ताण येतो. रोज जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आमचा चौदा वर्षांचा मुलगा विहिरीवर पोहायला जातो. बुडी मारण्याआधी मुलं वीस-पंचवीस जोरजोरात श्वास घेतात. त्याने पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं, हे खरं का? — पालक, बारामती

खरं आहे, आणि म्हणूनच ते आजपासून बंद करा.

निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. जोरात श्वास घेऊन त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीच्या रक्तात त्याचा दाब एरवी ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तो झपाट्याने खाली येतो. आता श्वास घेच, असं आतून ढोसणारी जी ऊर्मी असते ती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. तो रक्तातून मेंदूभोवतालच्या द्रवात उतरतो, तिथली आम्लता वाढवतो, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र ती टिपतं. हॅल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे प्रयोगांनी दाखवून दिलं. ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना शरीराला फार उशिरा आणि क्षीण मिळते.

मुलाने बुडीआधी कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की ही घंटाच बंद पडते. पाण्याखाली ऑक्सिजन संपत जातो, ऊर्मी येत नाही, आणि वर यावं असं वाटण्याआधीच शुद्ध हरपते. नंतरचा श्वास पाण्यातच घेतला जातो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही असे मृत्यू झाले आहेत. बुडीआधी एक साधा श्वास पुरे. पाण्याखाली कोण जास्त टिकतो ही पैज नको. आणि काठावर एकाने फक्त पाहत राहायचं.

श्वास रोखण्याचा प्रयोग करायचाच असेल तर तो घरी, खुर्चीत बसून. साधा श्वास बाहेर सोडून किती सेकंद थांबता येतं ते मोजायला सांगा. पाच मिनिटांनी पूर्ण श्वास आत घेऊन मोजा. पुन्हा पाच मिनिटांनी जागच्या जागी मिनिटभर धावून मोजा. दुसऱ्या वेळी वेळ वाढतो, कारण छातीत ऑक्सिजनचा साठा जास्त असतो आणि कार्बन डायऑक्साइडला पसरायला जागाही. धावल्यावर वेळ निम्म्याहूनही कमी होतो. जोरजोरात श्वास घेण्याची पायरी यात आणू नये. चक्कर येते, ओठ-बोटं मुंग्या येऊन वाकडी होतात. दमा, फिट्स, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा प्रयोग करू नये. आणि तोंडावर पिशवी धरण्याचा प्रयोग कोणीच, कोणत्याही वयात करू नये. घाबरून धाप लागलेल्याला कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावायची पद्धत होती, तीही आता सुचवत नाहीत. धाप दम्याची किंवा हृदयविकाराची असली तर पिशवीने ऑक्सिजन आणखी कमी होतो.

रात्री एसी लावून खोली बंद करून दोघं झोपतो. सकाळी डोकं जड असतं. कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घ्यावं का? — वाचक, ठाणे

आधी हिशेब करू. दोन झोपलेली माणसं तासाला मिळून २४ लिटर सोडतात. ३४ हजार लिटरच्या पूर्ण बंद खोलीत त्याने दर तासाला दशलक्ष भागांत ७०० भागांची वाढ होईल. बाहेरच्या हवेत सुरुवात सुमारे ४२० पासून होते. दाराखालच्या फटीतून वगैरे तासाला तीन दशांश हवा बदलते असं धरलं तर प्रमाण चढत चढत २८०० च्या आसपास स्थिरावतं. स्प्लिट एसीने यात फरक पडत नाही, तो आतलीच हवा फिरवतो.

आठ तास कामाच्या जागी ५००० ही मर्यादा मानली जाते, तेव्हा तुमची खोली विषारी नाही. १००० ते २५०० च्या पातळीवर विचार मंदावतात का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पण आकडा २८०० म्हणजे हवा बदलत नाही एवढं नक्की, आणि कोंदटपणा, घाम, एकाला सर्दी झाली तर दुसऱ्याला होणं हे सगळं त्याच्याबरोबर येतं. खिडकी दोन इंच उघडी ठेवा, किंवा बाथरूमचं दार किलकिलं ठेवून तिथला एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालवा. डोकं हलकं झालं तर यंत्राची गरजच नाही.

घ्यायचंच असेल तर माहितीपत्रकात ‘एनडीआयआर’ सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी थेट हाच वायू मोजणारा, लिहिलेला पाहा. बरीच स्वस्त यंत्रं इतर वाफा मोजून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज छापतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: जवळ हातावर सॅनिटायझर चोळा. आकडा एकदम उसळला तर यंत्र परत करा. गॅलरीत अर्धा तास ठेवल्यावर ४०० ते ४५० दाखवायला हवं. उशीपाशी ठेवू नका, ते तुमचा श्वासच मोजत बसेल.

यातच एक वेगळी पण अत्यंत महत्त्वाची गोष्ट. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथला धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. तो वेगळा वायू, त्याला वास नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचं यंत्र तो दाखवत नाही. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवू नये.

पेव उघडल्यावर कंदील सोडून बघतात. कंदील पेटता राहिला तर उतरायला हरकत नाही ना? जुन्या विहिरीतही असंच करतात. — शेतकरी, सांगली जिल्हा

हरकत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरं. पण पेटता राहिला म्हणजे हवा चांगली, हे खोटं आहे.

पेवातलं धान्य किंवा हळद, त्यावरची बुरशी आणि किडे श्वसन करतात. ऑक्सिजन घटत जातो, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. म्हणूनच बंद पेवात कीड टिकत नाही. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी थांबतो. आता आकडे पाहा. चांगल्या हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळत गेलो तर ज्योत विझायला तो साधारण १४ टक्के व्हावा लागतो. माणसाला ३ टक्क्यांवर धाप आणि डोकेदुखी सुरू होते, ४ टक्के ही जिवाला तातडीचा धोका मानण्याची पातळी आहे, आणि ७ ते १० टक्क्यांत काही मिनिटांत भोवळ येऊन शुद्ध जाते. म्हणजे १० टक्क्यांवर कंदील पेटलेला असेल आणि माणूस तळाशी पडलेला. ऑक्सिजन कमी झाला एवढंच इथे घडत नाही. चांगल्या हवेत १० टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन अजून जवळजवळ १९ टक्के असतो. मारतो तो हा वायू स्वतः. आणि खड्ड्यात शेणाचा गाळ, मळी किंवा सांडपाणी असेल तर मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतात. तिथे ज्योत नेणं म्हणजे स्फोटाला बोलावणं, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो.

भाड्याने मिळणाऱ्या चार वायूंच्या डिटेक्टरवरही डोळे झाकून विसंबू नका. तो ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. कार्बन डायऑक्साइड बहुधा नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की तो वाजतो, पण तोवर कार्बन डायऑक्साइड ७ टक्के झालेला असू शकतो. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर वेगळा मागून घ्या. दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी मोजा.

शक्यतो उतरूच नका, माल वरूनच काढा. उतरावंच लागणार असेल तर ब्लोअरची नळी थेट तळापर्यंत सोडून हवा खेळवा, नुसतं तोंड उघडं ठेवून जड वायू वर येत नाही. डहाळी बांधून वर-खाली करणं किंवा पाणी शिंपडणं यावर भरवसा ठेवू नये. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच राहिला पाहिजे. छातीला हार्नेस, त्याचा दोर वर पक्क्या तिकाटण्यावरून, आणि त्याला ओढून काढू शकतील अशी दोन माणसं सतत काठावर.

आतला माणूस कोसळला तर मागोमाग उतरायचं नाही. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाकडी गावात बायोगॅससाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत पडलेलं मांजर काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे सहा जण उतरले आणि पाच जण मरण पावले. वाचला तो एकच, ज्याच्या कमरेला दोर होता. दोर असेल तर वरून ओढा, नसेल तर ब्लोअर आत सोडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून खड्ड्यात माणूस बेशुद्ध आहे, श्वसनयंत्र घेऊन या, असं स्पष्ट सांगा.

वाढदिवसाला धुरासाठी ड्राय आइस आणायचा आहे. गाडीतून पाच किलो आणला तर चालेल? — वाचक, पुणे

डिकी वेगळी असलेल्या गाडीतही काचा उघड्या ठेवूनच आणा. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; एक किलोचा सुमारे ५४० लिटर वायू होतो आणि गाडीच्या आत हवा असते तीन हजार लिटरच्या आसपास. थर्माकोलच्या खोक्यातून तासाला २०० ग्रॅम जरी उडाला, तरी काचा बंद आणि एसी आतली हवा फिरवत असेल तर तासाभरात प्रमाण साडेतीन टक्क्यांवर जाऊ शकतं. ड्रायव्हरला डोकेदुखी, धाप आणि मग गुंगी येईल. खोक्याचं झाकण सैल ठेवा, सील करू नका. बाटलीत किंवा थर्मासमध्ये कोंडला तर ते फुटतं.

तापमान उणे ७८.५ अंश असतं, तेव्हा जाड कोरडे हातमोजे आणि चिमटा वापरा. तुकडा कोणाच्या पेल्यात टाकू नका. गिळला गेला तर अन्ननलिका आणि जठर जळतं. धूर जमिनीलगत पसरतो, म्हणून रांगणारी मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत आणि दारं-खिडक्या उघडी हवीत. उरलेला बर्फ फ्रीजमध्ये किंवा सिंकमध्ये टाकू नका, गच्चीवर उघड्या खोक्यात, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा. सकाळपर्यंत उडून जाईल.